संरक्षणाच्या छायेंत
(मोरोक्कोंतील फ्रेंच फौज आणि डोंगरी लोकांचा लढा)

घराच्या देवडीवर पहारा करण्यासाठीं बाहेरचा मनुष्य नेमावा. कांहीं दिवसांनीं त्यानें किल्ल्यांचा जुडगा आपल्या कमरेस लावावा. पुढें कोठीची मोजदाद तोच करूं लागावा. आणि अखेरीस घरधन्यानें अंगणांत पाऊल टाकण्यापूर्वीं त्याचीच परवानगी घ्यावी, असा प्रकार एखाद्या घरीं घडला तर शेजारीपाजारी त्याला काय म्हणतील तें सांगावयास नको. परंतु हाच प्रकार एखाद्या राष्ट्राच्या बाबतींत घडला म्हणजे राजनीतीच्या कोशांत त्याला 'संरक्षण' असें सभ्य नांव मिळतें. तैनाती फौजेचें प्रकरण ज्यांनीं शाळेंत वाचलें आहे त्यांना ही युक्ति अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यांतील मोरोक्को देशानें हें संरक्षण १९१२ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षें भोगलें. त्या काळांत तेथील डोंगरी लोकांनीं फ्रेंच फौजेशीं जी झुंज दिली, तिची हकीकत आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. ती थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावी असा या लेखाचा हेतु आहे.

मोरोक्को हा जुन्या सुलतानांचा देश. पूर्वेस अल्जीरिया, तेथें फ्रेंचांनीं १८३० सालींच पाय रोवला होता. उत्तरेस समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे स्पेन. देशाच्या मध्यभागीं आटलस पर्वताच्या रांगा पसरलेल्या. सपाटीवरील शहरें व शेतीचा मुलूख सुलतानाच्या हुकुमांत असे. डोंगरांतील बर्बर जमाती त्याला धर्मप्रमुख म्हणून मान देत, पण वसूल द्यावयाचा कीं नाहीं हें पुष्कळदां आपल्या मर्जीनें ठरवीत. अशा राज्यास युरोपियन सावकारांचें कर्ज चढलें. कर्जामागून बंदरांतील जकातीवर देखरेख आली आणि देखरेखीमागून फौज आली. १९०७ सालीं फ्रेंच सैन्य कासाब्लांका येथें उतरलें. १९११ सालीं बंडखोर जमातींनीं फेज राजधानीस वेढा दिला, तेव्हां सुलतान अब्दुल हफीज यानें फ्रेंचांची मदत मागितली. मदत आली, वेढा उठला. पण मदतीस आलेलें सैन्य परत गेलें नाहीं. जर्मनीनें थोडी कुरकुर केली, तिचें समाधान आफ्रिकेंतील दुसरीकडचा मुलूख देऊन करण्यांत आलें, आणि ३० मार्च १९१२ रोजीं फेज येथें सुलतानानें तहावर सही केली.

तहाची भाषा मोठी आदबशीर होती. सुलतानाचा धार्मिक मान व परंपरागत प्रतिष्ठा अबाधित राहील, फ्रान्स त्याच्या गादीचें रक्षण करील, फर्मानें त्याच्याच शिक्क्यानें निघतील, असें त्यांत लिहिलें होतें. त्याबरोबरच असेंहि होतें कीं, सुव्यवस्थेसाठीं जरूर वाटेल तेथें फ्रान्स आपली फौज ठेवील. परराष्ट्रांशीं व्यवहार फ्रान्सचा रेसिडेंट जनरल पाहील. आणि फ्रान्सच्या संमतीवांचून सुलतानास बाहेरून कर्ज काढतां येणार नाहीं. शिक्का सुलतानाचा, शाई दुसऱ्याची! त्याच सालच्या नोव्हेंबरांत फ्रान्सनें स्पेनशीं करार करून उत्तरेचा डोंगराळ पट्टा त्याच्या वांट्यास दिला. ज्याचें घर त्याला या वांटणींत कोणी विचारलें नाहीं.

फेजमधील ठिणगी

तहाची बातमी फुटून तीन आठवडे झाले नाहींत तोंच त्याचें फळ दिसलें. सुलतानाच्या फौजेंत फ्रेंच अधिकारी कवाईत शिकवीत असत. १७ एप्रिल १९१२ रोजीं शिपायांस सांगण्यांत आलें कीं, यापुढें पगाराचा कांहीं भाग शिध्यासाठीं कापला जाईल आणि कूच करतांना पाठीवर पिशवी वाहावी लागेल. बाहेरून पाहतां कारण क्षुल्लक. परंतु ज्याच्या राजानें राज्य लिहून दिलें आहे अशा शिपायाला पगारांतील कपात ही नुसती कपात वाटत नाहीं. शिपायांनीं आपल्या शिक्षकांवर हत्यार धरलें, शहरांतील लोक त्यांस मिळाले, आणि दोन तीन दिवस फेजमध्यें रक्ताचा सडा पडला.

या बंडाची एक काळी बाजू आहे, ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. संतापलेला जमाव शहरांतील यहुदी लोकांच्या वस्तीवर तुटून पडला. तहाशीं ज्यांचा काडीइतका संबंध नव्हता अशा गरीब कुटुंबांचीं घरें लुटलीं गेलीं, माणसें मारलीं गेलीं. आणि बंड मोडण्यासाठीं फ्रेंचांनीं ज्या तोफा डागल्या त्यांचेहि गोळे त्याच वस्तींत पडले. हजारों यहुदी बायकामुलांसह सुलतानाच्या वाड्यांत शिरले व तेथील प्राणिसंग्रहाच्या आवारांत, श्वापदांच्या पिंजऱ्यांशेजारीं, त्यांनीं ते दिवस काढले. परकीयांवरचा राग दुबळ्या शेजाऱ्यावर काढण्याची मनुष्याची खोड सर्वत्र सारखीच, असें म्हणावें लागतें.

तेलाचा डाग

या प्रसंगानंतर फ्रान्सनें पहिला रेसिडेंट जनरल म्हणून ज्याला धाडलें तो जनरल लियोते सामान्य पुरुष नव्हता. टोंकिन व मादागास्कर येथें जनरल गालियेनीच्या हाताखालीं तो राज्य जिंकण्याची कला शिकला होता. कागदावर पडलेला तेलाचा डाग जसा हळूहळू पसरतो तशी सत्ता पसरली पाहिजे, हें त्या गुरुशिष्यांचें सूत्र. सामर्थ्य असें दाखवावें कीं तें वापरण्याची पाळी येऊं नये, असें लियोते नेहमीं सांगे. ठाण्याशेजारीं बाजार भरवावा, दवाखाना उघडावा, सडक बांधावी. अधिकाऱ्यांनीं अरबी व बर्बर भाषा शिकाव्या. जमातीच्या प्रमुखांस चहापानास बोलवावें. जुन्या शहरांची मोडतोड न करतां त्यानें शेजारीं नवीं शहरें वसविलीं. बिगरमुसलमानांस मशिदींत जाण्याची मनाई केली. सुलतानासमोर तो स्वतः अदबीनें उभा राही. ऑगस्ट १९१२ मध्यें अब्दुल हफीज यानें गादी सोडली आणि त्याचा भाऊ यूसुफ गादीवर बसला. त्याच्याशीं लियोतेचा व्यवहार दरबारी शिष्टाचारास धरून असे.

परंतु या पद्धतीचें मर्म दवाखान्यांत नव्हतें, तें ठाण्यांच्या जागेंत होतें. आणि तें समजण्यास डोंगरी लोकांचें वर्षाचें जीवन समजून घेतलें पाहिजे.

मध्य आटलसमध्यें झाएन नांवाची बर्बर जमात राहते. त्या काळीं तिचे सुमारें ४,००० तंबू होते. 'तंबू' म्हणजे एकेक कुटुंब. मेंढ्यांचे कळप हें त्यांचें धन. उन्हाळ्यांत कळप उंच डोंगरावर, देवदाराच्या रानांत चरत; हिंवाळ्यांत वर बर्फ पडलें म्हणजे तंबू, बायकामुलें व जनावरें घेऊन सारी जमात खालच्या खोऱ्यांत उतरे. खालचें कुरण हातचें गेलें कीं कळप मेलाच, आणि कळप मेला कीं कुटुंब मेलें. मीठ, साखर, चहा, कापड हींहि खालच्या बाजारांतूनच यावयाचीं. फ्रेंचांनीं आपलीं ठाणीं नेमकीं या खालच्या कुरणांच्या व बाजारांच्या वाटांवर बांधलीं. गोळी न झाडतां लढाई चालूं राही. दर हिंवाळ्यास डोंगरावरील आईबापांपुढें एकच प्रश्न उभा राही: मुलांबाळांसह थंडींत राहावयाचें, कीं खालीं जाऊन सलाम करावयाचा?

मोहा ऊ हम्मू

या झाएन जमातीचा नायक मोहा ऊ हम्मू. तरुण वयांतच त्यानें जमातीचें नेतृत्व हातीं घेतलें, सुलतान पहिला हसन याच्याकडून कायदपद मिळविलें, आणि उम्म एर् रबिया नदीकांठचें खेनिफ्रा हें गांव नांवारूपास आणलें. तेथें त्याची गढी होती, नदीवर पूल होता, व्यापाऱ्यांची वर्दळ होती. मनुष्य कठोर व सत्तालोभी होता. त्याला साधुपुरुष समजण्याचें कारण नाहीं. परंतु फ्रेंच तहाचा अर्थ त्याला पहिल्या दिवसापासून कळला होता. खालच्या मुलुखांतील फ्रेंच ठाण्यांवर व त्यांना मिळालेल्या जमातींवर तो सारखे छापे घाली.

जून १९१४ मध्यें जनरल आंरिस याच्या हुकुमतींत सुमारें १४,००० फौज तीन बाजूंनीं खेनिफ्र्यावर चालून गेली. १२ जून रोजीं ती गांवांत शिरली, तों गांव ओस! हम्मू आपली माणसें घेऊन डोंगरांत निघून गेला होता. गढी गेली, पण लढणारे शाबूत राहिले. डोंगरी युद्धाचा हा पहिला नियम त्याला कोणी पुस्तकांतून शिकविला नव्हता.

दीड महिन्यांतच युरोपांत महायुद्ध पेटलें. पॅरिसहून लियोतेस हुकूम आला कीं, फौज फ्रान्सला पाठवा आणि आंतला मुलूख सोडून किनाऱ्याच्या बंदरांवर या. लियोतेनें फौज पाठविली, परंतु आंतलीं ठाणीं सोडलीं नाहींत. एकदां मागें पाऊल टाकलें तर सारा देश उठेल, हें तो ओळखून होता. फ्रान्सहून वय झालेले राखीव शिपाई आणून त्यानें रिकाम्या जागा भरल्या. इतकेंच नव्हे, तर युद्ध चालू असतां १९१५ सालीं कासाब्लांका येथें मोठें प्रदर्शन भरवून सर्व कांहीं ठीक असल्याचा देखावा केला. पोकळ झालेल्या घराची दर्शनी भिंत रंगवून उभी ठेवावी, तसा हा प्रकार.

एल् हेरीची पहांट

खेनिफ्र्याचें ठाणें कर्नल लाव्हर्द्यूर याच्या ताब्यांत होतें. परवानगीशिवाय ठाण्याबाहेर जाऊं नये, अशी त्याला वरून सक्त ताकीद होती. नोव्हेंबर लागला, थंडी पडली, आणि हम्मूचे तंबू हिंवाळ्यासाठीं खालीं उतरून खेनिफ्र्यापासून थोड्या कोसांवर एल् हेरी येथें पडले. शत्रु इतका जवळ, इतका बेसावध, आणि कीर्ति हात पुढें केल्यास मिळेल अशी! कर्नलास मोह आवरला नाहीं. वरिष्ठांस न विचारतां, मागें चिठ्ठी ठेवून, १३ नोव्हेंबर १९१४ च्या पहांटे अंधारांत तो सुमारें १,२०० माणसें व तोफा घेऊन निघाला.

उजाडतां उजाडतां तोफगोळे तंबूंवर पडूं लागले. झोपेंतून उठलेलीं बायकामुलें सैरावैरा धांवलीं. घोडेस्वार तंबूंतून घुसले. हम्मू निसटला, त्याच्या दोन बायका मात्र पकडल्या गेल्या. छावणी लुटून फ्रेंच तुकडी परत फिरली. छापा यशस्वी झाला, असेंच त्या क्षणीं कर्नलास वाटलें असेल.

परंतु गोळीबाराचा आवाज डोंगरोडोंगरीं गेला होता. आसपासच्या टेकड्यांवरून माणसें उतरूं लागलीं. शेंकड्यांनीं, मग हजारांनीं. शेजारच्या ज्या जमातींशीं झाएनांचें एरवीं पटत नसे त्यांचीहि माणसें धांवून आलीं. परतीची वाट खडकाळ. आधीं पिछाडी तुटली, मग तोफांभोंवतीं वेढा पडला, मग मधली पायदळाची फळी. स्वतः लाव्हर्द्यूर पडला. दुपारपर्यंत सर्व आटोपलें. या एका दिवसांत ३३ अधिकारी व ५९० शिपाई ठार झाले. ८ तोफा झाएनांच्या हातीं लागल्या. जे खेनिफ्र्यास परत पोंचले त्यांत धडधाकट माणसें साडेचारशेंहूनहि कमी होतीं. मोरोक्कोंत फ्रेंच फौजेला तोंवर एवढा मोठा तडाखा बसला नव्हता. कांहीं अधिकाऱ्यांचे देह हम्मूच्या लोकांनीं नेले होते, ते पुढें फ्रेंचांच्या हातांतील कैद्यांच्या बदल्यांत परत देण्यांत आले.

मेलेल्या ५९० शिपायांकडे वळून पाहिलें म्हणजे मन विषण्ण होतें. त्यांतील पुष्कळ फ्रेंच नव्हतेच. ते अल्जीरियाचे होते, सेनेगालचे होते. म्हणजे ज्यांचे देश आधींच जिंकले गेले होते अशा आईबापांचे मुलगे. आणि त्याच हंगामांत मोरोक्कोचे शिपाई फ्रान्सच्या भूमीवर, मार्न नदीच्या परिसरांत, जर्मनांच्या गोळ्यांना छाती देत होते. एकाचा मुलगा दुसऱ्याच्या अंगणांत आणि दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, असें करून साम्राज्यांचे हिशेब पुरे होतात.

बाप आणि मुलगे

एल् हेरीच्या विजयानें हम्मूचें नांव सर्व आटलसभर झालें; पण खेनिफ्रा परत मिळालें नाहीं. ताज्या फौजा लगोलग येऊन पोंचल्या. पुढें सहा वर्षें विचित्र स्थिति राहिली. फ्रेंच ठाण्याच्या तटाआड कोंडलेले. दाणागोटा आणावयाचा तर मोठ्या बंदोबस्तानें तांडा यावयाचा. झाएन बाहेर मोकळे. पण त्यांचीं हिंवाळ्याचीं कुरणें तोफांच्या माऱ्यांत. कोण कोणाला वेढून बसला आहे हें सांगणें कठीण. फरक एवढाच कीं, ठाण्याला समुद्रापलीकडून रसद मिळे, आणि डोंगरावरच्या तंबूला कोठूनहि नाहीं.

महायुद्ध संपल्यावर फौजा परत आल्या. नवीं ठाणीं झालीं, साखळी आवळली गेली. १९२० च्या जूनमध्यें हम्मूचा मुलगा हसन व त्याचे भाऊ यांनीं फ्रेंचांपुढें शस्त्र ठेवलें. हसनास खेनिफ्र्याचा पाशा नेमण्यांत आलें. म्हणजे बापानें वसविलेल्या गांवीं मुलगा परक्यांच्या वतीनें कारभार पाहूं लागला. साठीच्या घरांतला म्हातारा मूठभर लोकांसह डोंगरांतच राहिला. १९२१ च्या मार्चमध्यें एका चकमकींत तो गोळी लागून पडला. समोर जे लढत होते ते फ्रेंच नव्हते. फ्रेंचांस मिळालेले त्याच्याच जमातीचे, त्याच्याच रक्ताचे लोक होते.

या ठिकाणीं वाचकांपैकीं कोणी त्या मुलांस एका शब्दांत कुलांगार ठरवून मोकळा होईल. आमच्यानें तें होत नाहीं. सहा हिंवाळे कळप मरतांना ज्यांनीं पाहिले, ज्यांच्या तंबूंत मीठ नाहीं, मुलांच्या अंगावर धड वस्त्र नाहीं, त्यांच्यावर निकाल देतांना आपण भरल्या पोटीं व उबदार घरांत बसलों आहों हें विसरतां कामा नये. तरीहि हें खरें कीं, जमातीची पाठ मोडली ती एल् हेरीच्या रणांगणावर नव्हे. एका कुटुंबाच्या तंबूंत जेव्हां बाप एका बाजूस व मुलगे दुसऱ्या बाजूस झाले, तेव्हां ती मोडली. ज्या लष्करी पद्धतीचें लियोतेस भूषण वाटे, तिचें खरें हत्यार तोफ नव्हे, तर हीच घरांतली फूट होती. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस तिची धार अधिक समजावून सांगावयास नको.

सारो डोंगरावरील स्त्रिया

हम्मू पडला त्याच वर्षीं उत्तरेस रिफ डोंगरांत अब्दुल करीम यानें स्पेनच्या फौजेचा दारुण पराभव केला आणि १९२५ सालीं फ्रेंचांवरहि तो चालून आला. त्याला आवरण्यासाठीं मार्शल पेतँ यास धाडावें लागलें. लियोते त्याच वर्षीं निवृत्त होऊन परत गेला. मे १९२६ मध्यें अब्दुल करीम शरण आला. त्याची कथा जगप्रसिद्ध आहे म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. परंतु शेवटच्या एका लढ्याविषयीं लिहिल्यावांचून लेखणी खालीं ठेववत नाहीं.

दक्षिणेकडे, वाळवंटाच्या कडेला, सारो नांवाचा उघडाबोडका डोंगर आहे. आइत अत्ता जमातीचे लोक आस्सू ऊ बास्लाम या नायकाच्या मागें, बायकामुलें व जनावरें घेऊन तेथील बू गाफर नांवाच्या कड्यांवर चढून बसले. १३ फेब्रुवारी १९३३ रोजीं लढाई सुरू झाली. फ्रेंचांकडे तोफा होत्या, विमानें होतीं, हजारोंची फौज होती. हल्ल्यामागून हल्ला परतला. २८ फेब्रुवारीस, तांबड्या डगल्यामुळें सर्व मोरोक्कोंत प्रसिद्ध असलेला कॅप्टन बूर्नाझेल तेथेंच ठार झाला. मग फ्रेंचांनीं चढाई थांबवून पाण्याचे झरे रोखले.

येथून पुढचा लढा स्त्रियांचा. रात्रीं मशिनगनच्या माऱ्याखालीं रांगत जाऊन झऱ्यावरून पाणी आणणें त्यांचें काम. वर चढून येणाऱ्यांवर त्या धोंडे लोटीत, पडलेल्याची बंदूक उचलून मागच्याच्या हातीं देत. पाण्यासाठीं गेलेल्या कितीतरी परत आल्या नाहींत. सहा आठवड्यांच्या अखेरीस, मार्च संपत आला असतां, आस्सूनें तह केला. त्याच्या अटी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. दक्षिणेंत फ्रेंचांच्या पाठिंब्यानें माजलेल्या ग्लावी नांवाच्या सरदाराची हुकमत आमच्यावर नको. आमचे तंटे आमच्या रिवाजानें तुटावे. आणि आमच्या जमातीच्या स्त्रियांना सरकारी उत्सवांत नाचगाण्यासाठीं बोलावूं नये. सर्वस्व गमावून बसलेल्या त्या माणसानें पैसा मागितला नाहीं, पदवी मागितली नाहीं. ज्यांनीं रात्रीं पाणी आणलें त्यांची अब्रू मागितली.

अखेर

१९३४ च्या वसंतऋतूंत दक्षिणेचे शेवटचे डोंगर ताब्यांत आले, आणि 'शांतता प्रस्थापित' झाल्याचें जाहीर झालें. सुलतानाच्या रक्षणासाठीं केलेला तह अंमलांत आणावयास बावीस वर्षें लढावें लागलें होतें. परंतु डोंगर शांत होण्याच्या आधींच शहरें जागीं झालीं होतीं. १६ मे १९३० रोजीं फ्रेंचांनीं सुलतानाच्या शिक्क्यानें एक फर्मान काढून बर्बर लोकांस इस्लामी न्यायापासून वेगळें केलें. बर्बर व अरब असे दोन तुकडे पाडण्याचा हा डाव शहरांतील तरुणांनीं ओळखला. संकटसमयीं म्हणावयाची जुनी प्रार्थना मशिदीमशिदींतून घुमूं लागली. तिच्यांत बर्बर भावांपासून आमची ताटातूट करूं नकोस, एवढेंच मागणें जोडलें होतें. घरांतली फूट हें ज्यांचें हत्यार, त्यांना मिळालेलें हें उत्तर होतें. ११ जानेवारी १९४४ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. १९५३ च्या ऑगस्टमध्यें 'संरक्षकां'नीं ज्याचें रक्षण करावयाचें त्या सुलतान पांचव्या महंमदासच विमानांत घालून हद्दपार केलें, प्रथम कॉर्सिकास व मग मादागास्करला. हा अपमान शहरास व डोंगरास सारखाच झोंबला. १९५५ च्या नोव्हेंबरांत त्याला सन्मानानें परत आणावें लागलें, आणि २ मार्च १९५६ रोजीं फेजचा तह इतिहासजमा झाला.

लियोते १९३४ सालीं वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें रबात येथें त्याची समाधि बांधण्यांत आली होती. १९६१ सालीं त्याचा देह तेथून हलवून पॅरिसला नेण्यांत आला. त्या देशावर त्याचें प्रेम नव्हतें असें म्हणवत नाहीं. त्यानें राखलेलीं जुनीं शहरें आजहि उभीं आहेत, आणि त्याबद्दल त्याला श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु देवडीवरचा पहारेकरी कितीहि सज्जन असला, अंगण त्यानें कितीहि स्वच्छ राखलें, तरी किल्ल्या घरधन्याच्या हातीं गेल्याशिवाय घर घरासारखें वाटत नाहीं. झाएनांच्या तंबूंत व सारोच्या कड्यांवर ज्या आया मुलांना घेऊन ते हिंवाळे काढीत होत्या, त्यांना हें कोणी समजावून सांगितलें नव्हतें. त्यांना तें ठाऊकच होतें.